झाकणावरची अक्षरं

आमच्या संतपुरात कुणी गाडी घेतली की लोक एकच प्रश्न विचारतात: ॲव्हरेज किती देती? माणूस गाडीतून उतरायच्या आत विचारतात. रंगाबद्दल कुणी बोलत नाही, किती पळते ते तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी इथल्या शाळेत बावीस वर्षं मास्तरकी करतोय आणि मीही त्यातलाच एक. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवीन तेव्हा कुणाला राग येणार नाही.

धनराज माझा वर्गमित्र. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, म्हशीला सुई टोचतानाही तिची माफी मागितल्यासारखा चेहरा करायचा. या माणसाला वेगाचं वेड असेल असं त्याच्या बायकोलाही, म्हणजे स्नेहालाही, लग्नानंतर चार वर्षं कळलं नव्हतं.

ते वेड लावलं बिदरच्या एका डॉक्टरांनी. जनावरांचेच डॉक्टर. भालकीकडच्या एका वस्तीवर गाय अडली होती, डॉक्टर धनराजला गाडीत घालून निघाले. गाडी म्हणजे साधी फियाट लिनिया. पांढरी, चार दरवाजे, मागे मोठी डिकी, बँकेचे मॅनेजर वापरतात तसली. धनराज मांडीवर औषधाची पेटी घेऊन बसला होता. रस्ता मोकळा लागला आणि डॉक्टरांनी पाय दाबला. धनराज सांगायचा, आधी क्षणभर काहीच झालं नाही, मग पुढून एक बारीक शिट्टी ऐकू आली आणि पाठ सीटला चिकटली. पेटी मांडीवरून पोटात घुसली. गाय वाचली, वासरूही वाचलं, पण याचं लक्ष परतीच्या रस्त्याकडे होतं.

त्या गाडीचं नाव लिनियाच, पण पोटातलं इंजिन वेगळं. रस्त्यावर दिसायच्या त्या बहुतेक लिनिया डिझेलच्या. ही पेट्रोलवरची, टर्बो लावलेली, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, ती शिट्टी त्याचीच; चारही चाकांना डिस्क ब्रेक. बाहेरून ओळखायची खूण जवळपास एकच, डिकीवर बोटभर लांबीची चकचकीत पट्टी: टी-जेट. आमच्या भागात ती पट्टी वाचून लोकांनी ठरवून टाकलं होतं की टी म्हणजे ट्रॅव्हल्स. दोघातिघांनी डॉक्टरांना भाड्यानं येता का म्हणून विचारलंही होतं.

पुढे डॉक्टरांची धारवाडकडे बदली झाली. जाताना त्यांनी धनराजला बोलावून सांगितलं, "हिच्यात काय आहे ते इथं कुणाला कळलं नाही. तुला कळलं. तूच घे."

आता धनराजच्या घरात निर्णय त्याचे वडील घेत. किशनराव. सत्तरीला आलेले, सोयाबीन-तुरीची चांगली जमीन, दारात ट्रॅक्टर, शेडमध्ये डिझेलचं पिंप. मळणीयंत्रावर आयुष्य काढल्यामुळे कानांनी बरेच अधू. मोठ्यानं बोललं तर कळायचं, नाहीतर आपल्या सोयीनं अंदाज बांधायचे. पोरानं गाडीचं काढलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "डिझेलची आसंल तर आण. घरात पिंप हाय. पेट्रोल पिणारं जनावर मला दारात नको."

धनराज म्हणाला, "डिझेलचीच हाय, अप्पा."

हे खोटं त्याचं पहिलं. आणि ते तडीस नेलं मी. गाडी आणली त्या दिवशी त्यानं ती आधी शाळेच्या मैदानात लावली, सुट्टीचा दिवस होता. शिवायचा दोरा पट्टीमागून सरकवून त्यानं टी-जेटची पट्टी काढली. ती काढताना त्याचं तोंड असं झालं होतं की मी चिडून म्हटलं, "बायकोचं मंगळसूत्र काढायलास का रे? पट्टी हाय ती." मग इंधनाचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, त्यावर इंग्रजीत ठळक लिहिलेलं: पेट्रोल. किशनराव मराठी चौथी शिकलेले, पण पंपावरच्या पाट्या बघून तेवढी इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखता यायची. धनराज घुटमळला. मी खिशातलं पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड काढलं आणि ती अक्षरं खरवडून टाकली. शेवटी एल राहिला होता, तोही काढला. मुलांच्या वहीतली खाडाखोड मला खपत नाही, त्यामुळे काम अगदी स्वच्छ केलं. त्या स्वच्छपणाची आता लाज वाटते.

पुढची सहा वर्षं त्या दोघांची, म्हणजे धनराजची आणि गाडीची, चोरटी गेली. पलीकडच्या महाराष्ट्रातल्या गाड्या डिझेल स्वस्त म्हणून आमच्या कर्नाटकाच्या बाजूच्या पंपांवर रांगा लावायच्या, आणि हा इथला माणूस पेट्रोल भरायला बिदरला जायचा, कारण गावच्या पंपावर भरलं तर संध्याकाळपर्यंत पारावर बातमी. कुणी ॲव्हरेज विचारलं की "वीस" म्हणायचा. अप्पांनी घरच्या पिंपातलं घे म्हटलं की ते ट्रॅक्टरला राहू द्या म्हणायचा. घरी आला की इंजिन लगेच बंद करायचा नाही. टर्बो तापलेला असतो, त्याला मिनिटभर निवू द्यावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किशनराव ओट्यावरून ओरडायचे, "कामून बसलास रं गाडीत?" हा कानाला फोन लावून हात हलवायचा.

आणि वडील गाडीत असले की काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. कान गेले असले तरी पाठ शाबूत होती. डिझेलचं वाहन असं ढकलत नाही हे ट्रॅक्टरवर जन्म काढलेल्या माणसाला कळलं असतं. त्यामुळे किशनरावांना मागच्या सीटवर डावीकडे बसवून हा वरातीच्या चालीनं गाडी न्यायचा. मागून टेंपोवाले हॉर्न मारत पुढे जायचे.

मला त्यानं एकदा बसवलं. शाळेची पुस्तकं आणायला हुमनाबादला गेलो होतो. बिदर सोडून हळ्ळीखेडच्या अलीकडे सरळ रस्ता लागला, समोर कुणी नाही. तो म्हणाला, "अनिल, धरून बस." मग ती शिट्टी आली. माझा चष्मा नाकावर घट्ट बसला, बाजूची तुरीची शेतं हिरवी रेघ झाली. तेवढ्या वेळापुरता धनराजचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. माफी मागणारा नव्हता. त्यानं वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो थांबला होता. आणि मी, बी.एड. झालेला माणूस, म्हणालो, "लई भारी. पण ॲव्हरेज किती देती रे खरं?"

"अकरा," तो म्हणाला. मग हुमनाबादपर्यंत आम्ही मुलांच्या निकालाबद्दल बोललो.

कंपनीनं आपल्याकडे गाड्या बनवणं थांबवलं, सुटे भाग मिळायला वेळ लागू लागला. धनराज एका दुपारी शाळेत आला आणि वर्गाच्या दारातच म्हणाला, "अप्पाला सांगायचं ठरवलोय." मी मुलांना गणित घातलं आणि बाहेर आलो. त्याचं म्हणणं असं, की ही गाडी आणखी किती वर्षं चालेल सांगता येत नाही, अप्पाही थकायलेत. एकदा त्यांना पुढच्या सीटवर बसवून हुमनाबादच्या चौपदरी रस्त्यावर गाडी खरी पळवायची, आणि मग सांगायचं, अप्पा, ही पेट्रोलची हाय, मी खोटं बोललो, पण बघा काय चीज हाय.

"शिव्या बसतील," मी म्हटलं.

"बसू दे. पळवल्यावर बसू दे." मग म्हणाला, "तू मागं बस. तू आसलास तर मला बोलायला जमल."

रविवार ठरला. निमित्त हुमनाबादच्या पुढच्या निंबर्ग्याचं, तिथे किशनरावांची बहीण सरुबाई राहते, तिला भेटून यायचं. शनिवारी संध्याकाळी धनराज स्नेहाला म्हणाला की टाकी रिकामी झाली आहे, सकाळी जाताना बिदरला भरावी लागेल. किशनराव ओट्यावर होते. त्यांना त्यातलं "टाकी" आणि "रिकामी" एवढंच ऐकू आलं. धनराज आंघोळीला गेला, स्नेहा स्वयंपाकात. गाडीची चावी खुंटीवर होती.

रविवारी सकाळी सातला आम्ही निघालो. किशनराव नवं धोतर नेसून, टोपी घालून पुढच्या सीटवर बसले. पुढे कशाला बसवलं हे त्यांनी विचारलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून समोर पाहत होते. मी मागे. धनराजचे ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तो मनात उजळणी करत होता हे मला कळत होतं, कारण परीक्षेच्या दिवशी मुलं तशीच करतात. त्याचं रस्त्याशिवाय कशाकडे लक्ष नव्हतं.

गाव मागे पडलं, मैलभर गेलो असू, आणि गाडीनं आचका दिला. मग दुसरा. मागे पाहिलं तर पांढरा धूर. धनराजनं खाली काट्याकडे पाहिलं. टाकीचा काटा पार वर टेकला होता. आरशात त्याची आणि माझी नजर भेटली.

गाडी कडेला घेता घेता बंद पडली. त्यानं मोठ्या आवाजात, पण अगदी सावकाश विचारलं, "अप्पा, टाकी कोण भरलं?"

"मीच की," किशनराव म्हणाले. "काल सांच्याला. तू रिकामी म्हनत होतास. पिंपातून दोन कॅन ओतलो. फडक्यानं गाळून भरलोय, कचरा जाऊ न्हाई म्हणून." आणि मग जरा थांबून, काळजीनं, "कामून रं? काय झालं?"

वीस लिटरचे दोन कॅन. नरसाळ्यावर धुतलेल्या धोतराचं फडकं धरून, कमरेत वाकून त्या माणसानं ते भरले होते. सहा वर्षांत त्या गाडीला त्यांनी पहिल्यांदाच आपल्या हातानं काही दिलं होतं. झाकण उघडताना त्यांनी आत पाहिलं असणार. आत स्वच्छ होतं.

मला वाटलं, आता सांगेल. सांगण्यासाठीच तर निघालो होतो. धनराज स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. किशनराव त्याच्या तोंडाकडे बघत होते, ओठ वाचायची सवय होती त्यांना.

"काय न्हाई अप्पा," तो म्हणाला. "गाडीच जुनी झाली."

मी मागच्या काचेतून धुराकडे बघत बसलो. त्याला बोलायला जमावं म्हणून तर मला तिथे बसवलं होतं.

किशनराव एका मोटरसायकलवाल्यामागे बसून घरी गेले आणि स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. दोरखंड बांधला. पुढे ट्रॅक्टरवर नव्या धोतरातले किशनराव, मागे दोरीला बांधलेली ती गाडी, आत स्टिअरिंग धरून धनराज. तालुक्यात तिच्या तोडीची गाडी नव्हती आणि ती बैलाच्या चालीनं गावातून आली. ओट्यांवरचे लोक हसले. किशनराव वळून वळून पोराला हातानं खूण करत होते, सावकाश, मी हाय.

बिदरच्या महेशकुमार मेकॅनिकनं सगळं तपासून सांगितलं, "टाकी उतरवतो, लाइन धुतो, प्लग बदलतो. चार दिवस लागतील. एवढ्यानं गाडी मरत न्हाई, साहेब. फक्त परत डिझेल जाऊ देऊ नका."

परत जाऊ द्यायचं नसेल तर सांगावंच लागणार होतं. स्नेहा म्हणाली, "आता तरी बोला. ते काय खातील तुम्हाला?" तिचं बरोबर होतं. मीही तेच म्हणालो. आधीचं खोटं कबूल करणं सोपं होतं: मी पेट्रोलची गाडी आणली, मी चुकलो. आता त्याला सांगावं लागणार होतं की अप्पा, तुम्ही जे मायेनं गाळून ओतलंत त्यानंच गाडी बंद पडली. तरी तो तयार झाला. गुरुवारी संध्याकाळी मला घेऊन घरी गेला, म्हणाला आज सांगतोच.

किशनराव शेडमध्ये होते. आम्हाला बघून त्यांनी हात करून बोलावलं. मोठ्या पिंपाशेजारी एक लहान पिंप ठेवलं होतं, घासून पुसून, तोंडावर फडकं बांधून. त्यावर पांढऱ्या रंगानं, चौथीतल्या अक्षरांत, लिहिलं होतं: धनराज.

"ट्रॅक्टरच्या पिंपात खाली गाळ आसतो," ते म्हणाले. "त्यानंच बंद पडली आसंल. मी जुना माणूस, मला कळलं न्हाई. आता तुझ्या गाडीचं येगळं केलोय. दर शनवारी मी भरत जातो. तू त्या पंपाच्या रांगत थांबू नको."

रंग अजून ओला होता, त्यांच्या अंगठ्यालाही लागला होता. धनराज त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, अप्पा."

परत येताना तो रस्त्यात थांबला आणि म्हणाला, "गाडी देऊन टाकतो." मी त्याला मूर्ख म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्याला एक वाक्य सांगायचं सोडून जीव लावलेली वस्तू विकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण त्याच्या घरी जाऊन ते वाक्य मीही सांगू शकलो असतो. ब्लेड माझंच होतं.

हैदराबादचा एक तरुण येऊन गाडी घेऊन गेला. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून मागचे ब्रेक पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की याला माहीत आहे. त्यानं ॲव्हरेज विचारलं नाही. धनराजनं त्याला सांगितलं, "थांबवल्यावर लगीच बंद करू नका, मिनिटभर राहू द्या." गाडी बिदरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो उभा राहिला. मग खिशातून टी-जेटची पट्टी काढून माझ्या हातात दिली. "त्याला द्यायची विसरलो," म्हणाला. विसरला नव्हता. तेव्हापासून ती माझ्या शाळेतल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, खडूच्या डब्यात आहे.

आता धनराजकडे डिझेलची एक साधी गाडी आहे. बरी आहे, वीसचं ॲव्हरेज खरोखर देते. दर शनिवारी किशनराव नाव लिहिलेल्या पिंपातून कॅन काढतात, फडकं धरतात, आणि धनराज शेजारी उभा राहून नरसाळं धरतो. बघणाऱ्याला वाटावं, किती सुखी घर. तसं ते आहेच.

मागच्या जूनमध्ये किशनराव नातीच्या दाखल्यासाठी शाळेत आले. सह्या झाल्या, तरी उठेनात. मी मोठ्यानं विचारलं, "अप्पा, अजून काय काम हाय का?"

"न्हाई," ते म्हणाले. मग टेबलावर वाकून, जणू मलाच कमी ऐकू येतं अशा आवाजात, "मास्तर, धनूची ती जुनी गाडी. लोक म्हनायचे लई पळती. एक उदगीरचा जीपवाला मला सांगितला, तुमच्या पोरानं मला हळ्ळीखेडच्या रस्त्याला असं मागं टाकलं की दिसलाच न्हाई. मला घिऊन कधी चाळीसच्या वर गेला न्हाई बघ. म्हातारा भिल म्हणून आसंल. मला बसायचं होतं रं एकदा. म्हणून त्या दिवशी टाकी फुल केलो. म्हनलं, चौपदरी लागली की सांगतो, पळव बाबा, डिझेलची काळजी करू नको. तर तीत काय गाळ गेला, तिथवर गेलोच न्हाई."

ते माझ्या तोंडाकडे, ओठांकडे बघत होते.

"तू बसलास की तिच्यात. खरंच पळायची का?"

सहा वर्षं धनराज हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होता. सगळ्या गावात तो विचारणारा एकच माणूस निघाला, तोही गाडी गेल्यावर, आणि विचारलं मला.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "लई पळायची."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं. ड्रॉवरच्या कडीवर माझा हात होता, पट्टी आत होती, आणि सांगायला अजून उशीर झालेला नव्हता. मी शिपायाला हाक मारली आणि दोन चहा सांगितले.